मुंबईची टॅक्सी, मुंबई सोडून सगळीकडे

खेळण्यांच्या दुकानात आयुष्य काढलं म्हटलं की लोकांना वाटतं, बाईचे दिवस लहान मुलांत गेले. कसले लहान मुलांत! माझं गिऱ्हाईक म्हणजे टक्कल पडलेले, चष्मा लागलेले, घराचे हप्ते फेडणारे बाप्ये. मुलं येत, चेंडू घेत, नाही मिळाला तर भोकाड पसरत आणि जात. काउंटरला तासन्‌तास चिकटून राहत ते चाळिशीच्या पुढचे. बोटभर लांबीची लोखंडी मोटार उजेडात धरून तिची चाकं निरखत. "परबबाई, हिच्यात सोनेरी चाकांची पण येते ना?" येते ना. जपानात येते. दादरला येत नाही. का येत नाही हे समजावण्यात माझी अख्खी नोकरी गेली, आणि आता निवृत्त झाल्यावरही मला ते पुरतं समजलंय असं छातीठोकपणे सांगता यायचं नाही.

धंदा असा आहे. कंपनी एका देशातली, माल बनतो दुसऱ्या देशात, आणि कुठे काय पाठवायचं हे ठरवतो तिसऱ्याच देशातला कुणी साहेब. त्याने लालबाग-परळ जन्मात बघितलेलं नसतं. दुकानदाराला यातलं हे द्या, ते नको, असं म्हणता येत नाही. खोकं बंद येतं आणि आत काय भरायचं ते कारखान्यातच ठरलेलं असतं. सिनेमातल्या पुतळ्यांचं खोकं फोडलं की नायक भरपूर, नायकाचा हिरव्या तोंडाचा मित्र त्याहून भरपूर आणि नायिका एखादी. परळच्या मुली आईचा हात ओढत नायिका मागायच्या आणि मी त्यांच्यासमोर हिरव्या तोंडाचा मित्र धरायची. मोठे देश आधी मागणी नोंदवतात, त्यांना हवं ते मिळतं. आपल्या वाट्याला उरलंसुरलं. त्यात प्रत्येक खेळण्याला आपल्याकडे सरकारी शिक्का लागतो. तो मिळून माल दुकानात येईपर्यंत सिनेमा उतरलेला आणि पोरं दुसऱ्याच हिरोच्या नादी लागलेली. मग ते पुतळे भिंतीवरच्या हुकांना वर्षानुवर्षं लटकत. आम्ही त्यांना घरजावई म्हणायचो. हलायचं नाव नाही, आणि रोज पुसावं मात्र लागायचं.

माझी आई वरळी कोळीवाड्यातून मासळी आणायची. कोळीण सरळ तोंडावर सांगायची, "मोठी कोळंबी भायेर गेली गो, ही घे." कंपनीवाल्यांना तेवढंही सांगवत नसे.

आता या मंडळींना काय हौस असते बघा. काही पुतळे बंद डब्यांत येतात, आत कोणता आहे ते बाहेरून कळत नाही. एक गृहस्थ लालबागहून मसाला तोलायचा छोटा काटा घेऊन यायचे आणि एकेक डबा तोलून बघायचे. दुर्मिळ पुतळ्याच्या हातात तलवार होती, म्हणून तो किंचित जड. मी म्हटलं, "काका, मिरची नाही घेत आहात." ते म्हणाले, "बाई, मिरचीत फसवणूक झाली तर चालते." दुसरे एक होते, ते घेतलेल्या मोटारी दुकानातच ठेवून जायचे, कारण घरी न्यायच्या तर बायकोला तोंड द्यावं लागणार. दर शनिवारी येऊन आपल्या मोटारी बघून जायचे. आणि सगळ्यांचा एक कडक नियम: वेष्टन फोडायचं नाही. पुठ्ठ्याचा कोपरा दुमडला तरी तोंड फिरवायचे.

हे आमच्या अप्पांना कधी पटलं नाही. अप्पा म्हणजे दुकानाचे मालक, मूळ मालवणचे, ऐंशी ओलांडलेले. त्यांच्या वडिलांनी भोवरे आणि लगोऱ्या विकायला हे दुकान काढलं होतं. अप्पा गल्ल्यावर बसून म्हणायचे, "भायर काढूचा नाय, तर तां खेळणा कसला गो विजू?" मला या वयात विजू म्हणणारे तेवढेच उरले होते.

दुर्मिळ नग आला की मारामारी व्हायची. ओळखीच्या गिऱ्हाइकाला गुपचूप बाजूला काढून द्यायची पद्धत बऱ्याच दुकानांत आहे. मला ती आवडत नसे. मी वाढले चाळीत, आमच्याकडे भिशीची चिठ्ठी निघायची ती सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, आणि उचलायला कुणाचं तरी लहान मूल. कुणाला हरकत घ्यायला जागाच नाही. तेच मी दुकानात आणलं. हवा असेल त्याने नाव लिहून स्टीलच्या डब्यात टाकायचं, समोर जे मूल असेल त्याने चिठ्ठी काढायची, निघेल त्याचा नग. सुरुवातीला हसले सगळे. मग सवय झाली. डॉक्टर, वकील, बँकवाले, सगळे त्या डब्याभोवती श्वास रोखून उभे राहायचे.

गौतम जाधव पहिल्यांदा आले तेव्हा मला वाटलं, आजोबा नातवासाठी आले असतील. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. त्यांनी मोबाइल पुढे केला. "ताई, ही गाडी आहे तुमच्याकडे?"

फोटोत आपली काळीपिवळी टॅक्सी. जुनी, गोल दिव्यांची, टपावर कॅरियर, आणि डाव्या अंगाला बाहेर बसवलेला तो लोखंडी मीटरसुद्धा. पुठ्ठ्यावर मुंबईचं नाव. जगातल्या शहरांच्या टॅक्सींची एक मालिका निघाली होती, त्यातली ही. लंडनची आमच्याकडे होती. न्यूयॉर्कची तर ढिगाने लटकली होती. मुंबईची नव्हती.

मी वितरकाच्या गोदामात फोन लावला. तिथला माणूस ओळखीचा.

"मॅडम, ती इंडियाच्या यादीत नाही."

"अरे, टॅक्सी मुंबईची ना?"

"हो मॅडम."

"मग मुंबईत नको?"

"वरून सांगतात, मुंबईत लोक ती रस्त्यावर रोज बघतात, खेळणं कशाला घेतील?"

"बाबा, ती रस्त्यावरून कधीच गेली. कुणीतरी सांगा त्यांना!"

"सांगतो मॅडम," तो म्हणाला. त्याने कुणाला सांगितलं ते देव जाणे.

जाधव सगळं ऐकत होते. म्हणाले, "ताई, मी जन्मभर हीच चालवली." मग म्हणाले, "माझ्यासाठी नको आहे. पण हे घरातलं आहे, कुणाला सांगू नका." त्यांनी मला सांगितलं ते असं.

ते भोईवाड्यात राहतात. गाडीचं वय झालं म्हणून नियमाप्रमाणे ती भंगारात गेली. त्याच सुमारास सुमनताई, म्हणजे त्यांची बायको, विसरायला लागल्या. आधी गॅस, मग नावं, मग सगळंच. एकच गोष्ट राहिली. संध्याकाळ झाली की त्या गॅलरीत जायच्या, खाली बघायच्या आणि विचारायच्या, "अहो, गाडी कुठे लावलीत?" जाधव म्हणायचे, कोर्टाच्या बाजूला लावलीय. तेवढ्याने भागायचं. मग एक दिवस जाधवांचा डोळा लागला आणि त्या गाडी बघायला एकट्याच खाली उतरल्या. सापडल्या त्या पार रेल्वेच्या पुलाजवळ, अनवाणी. तेव्हापासून दाराला आतून कुलूप. आणि ज्या बाईने आयुष्यात कधी आवाज चढवला नाही ती कुलूप लागलं की दार बडवायला लागली.

"फोटो दाखवला नाही?" मी विचारलं.

"दाखवला. म्हणाली, फोटो काय दाखवता, गाडी दाखवा. रस्त्यावर विकतात ती प्लास्टिकची टॅक्सी आणून दिली, तर म्हणाली, हा काय पोरखेळ! तिला मीटर पाहिजे ताई. दर रविवारी ती मीटर पुसायची, पितांबरी लावून. ही हातात दिली तर ओळखेल. गाडी घरात आहे म्हटलं की खाली उतरायची नाही."

त्या दिवसापासून मी त्या टॅक्सीच्या मागेच लागले. खोटं कशाला सांगू, त्याआधी मी एवढी कुठल्या मालासाठी भांडले नव्हते. मेल लिहिले, वितरकाचं डोकं खाल्लं, ओळखीच्या दुकानदारांना विचारलं. जपानात होती, जर्मनीत होती, आखातात होती. नेटवर विकणारे सोन्याचा भाव सांगत होते, आणि जाधव मोजून राहणारा माणूस. ते मधूनमधून यायचे, दारातूनच बघायचे. मी मान हलवली की तसेच परत फिरायचे. मला त्यांच्याकडे बघवत नसे.

आणि अशीच एकदा, नवरात्राच्या तोंडावर, एका सरमिसळ मालाच्या खोक्यात ती आली. आखातात न खपलेला माल असावा, न्यूयॉर्कच्या गर्दीत एकच मुंबईची. मी खोकं उघडून बघतच राहिले. अप्पांना हाक मारली, "अप्पा, आली!" अप्पांनी ती डोळ्यांजवळ नेऊन बघितली आणि म्हणाले, "अगो, हेच्यात बसान मी लगीन करून इलंय!"

आता मला विचाराल तर ती तशीच उचलून पिशवीत घालावी आणि भोईवाड्याला नेऊन द्यावी, असं मनात दहादा आलं. पण खोकं फोडताना दुकानात गिऱ्हाइकं होती. बातमी पसरायला दुपारही लागली नाही. आणि डबा मीच ठेवलेला. जाधवांसाठी नियम मोडायचा तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण सांगायचं नाही असा माझा शब्द. मी जाधवांना फोन केला, "या, चिठ्ठी टाका." ते आले, पेन काढून सावकाश नाव लिहिलं, चिठ्ठीची घडी घातली. एका गिऱ्हाइकाच्या मुलीने डब्यात हात घातला. नाव निघालं डॉक्टर सामंतांचं. वरळीला त्यांचा दातांचा दवाखाना. माणूस चांगला, वर्षानुवर्षं त्यांची या मालिकेची जुळवाजुळव चाललेली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जाधवांनीही वाजवल्या. मला मात्र त्या डब्याचा राग आला. तरी आजही मला वाटतं, नियम बरोबर होता.

डॉक्टरांना कोल्हापूरला जायचं होतं. म्हणाले, "दसऱ्यानंतर नेतो, सांभाळा." मी टॅक्सी काचेच्या कपाटात वर ठेवली.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा. खोकी फोडायची सुरी, तराजू, बिलाचं मशीन, कॉम्प्युटर, सगळं पुसून मांडायचं, हळदकुंकू, झेंडूची फुलं, वर पेढे. मी फुलं आणायला फूलबाजारात गेले होते. येऊन बघते तर पाटावर सुरीच्या शेजारी टॅक्सी. वेष्टन फाडून बाहेर काढलेली. टपावर कुंकवाचं बोट, बॉनेटवर काडीने काढलेलं स्वस्तिक, कॅरियरवर झेंडूची पाकळी.

"अप्पा! काय केलंत हे!"

"काय केलंय? गाडी असा ती. तिका पूजा नको?"

"सामंतांची आहे ती! फोडायची नव्हती!"

"पूजा पुठ्ठ्याची करतत काय गो? गाडयेची करतत!"

त्यांचं म्हणणं त्यांच्या परीने चोख होतं. गिरगावपासून परळपर्यंत प्रत्येक टॅक्सीला त्या दिवशी झेंडूचा हार असायचा, ते अप्पांनी आयुष्यभर पाहिलेलं. मी ओल्या फडक्याने पुसून बघितलं. काळ्या बॉनेटवरचं निघालं. पिवळ्या टपावरचं बसलं ते बसलंच, टिकलीएवढा लालसर डाग.

डॉक्टर आले, बघितलं आणि खुर्चीतच बसले. "परबबाई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." अप्पांनी उठून हात जोडले, "चूक माझी, डॉक्टर." ऐंशीच्या माणसाने हात जोडल्यावर डॉक्टर तरी काय करणार? म्हणाले, "राहू द्या अप्पा. पण मला सीलबंदच हवी होती. ही मी नेणार नाही." आणि गेले. पुढे बरेच दिवस दुकानात फिरकले नाहीत.

मी चिठ्ठ्यांचा डबा पुन्हा काढला नाही. बाकीच्यांना फोन केले, वेष्टन फुटलेली, डाग पडलेली गाडी कुणाला हवी का, एकानेही हो म्हटलं नाही. मग जाधवांना बोलावलं.

अप्पांना एव्हाना धीर आला होता. वाईटातून काही चांगलं झालं म्हणून ते खुशीत होते. टॅक्सी दोन्ही हातांनी पुढे करत म्हणाले, "घ्या जाधवानूं. पूजा करून दिलंय. दसऱ्याची पूजा!"

जाधवांनी गाडी हातात घेतली. मीटर बघितला, दरवाजा नखाने उघडून बघितला. चेहरा उजळला होता. मग टपावरचा डाग दिसला.

"आमच्यात लावत नाहीत अप्पा," ते शांतपणे म्हणाले. "आमचा दसरा नागपूरचा. माझ्या गाडीत समोर बुद्धाची मूर्ती असायची. कुंकू कधी लागलं नाही तिला."

भोईवाडा आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. एवढी वर्षं आम्ही एकमेकांच्या गल्ल्यांतून जातो-येतो, आणि सगळ्या गाड्यांना कुंकू लागतं असं आम्ही धरूनच चाललेलो. अप्पांनाच कशाला नावं ठेवू, मलाही तेव्हाच सुचलं. मी शरमले. पुन्हा फडकं घेतलं, साबण लावला, घासलं. डाग जाईना.

"राहू दे ताई," जाधव म्हणाले. "तिला कुठे एवढं दिसतंय आता." गाडी रुमालात गुंडाळली आणि गेले. त्यानंतर त्यांचा फोन नाही, काही नाही. मीही केला नाही. त्या गाडीने काम झालं नसेल असंच मी धरलं.

वर्ष होत आलं आणि कंपनीने आपला इंगा दाखवला. जपानात खपली नाही, जर्मनीत खपली नाही, म्हणून मुंबईची टॅक्सी मुंबईला पाठवली. खोकीच्या खोकी! नवीकोरी, सीलबंद, भिंत भरून काळंपिवळं. कालपर्यंत सोन्याचा भाव सांगणारे आता फोन उचलेनात. डॉक्टर सामंत आले, एक घेऊन गेले, हसलेसुद्धा. माझ्या नोकरीचे ते शेवटचे महिने होते. मी पहिल्याच खोक्यातली एक काढून ठेवली आणि जाधवांना फोन केला. "या, तुमची गाडी बदलून देते. बिनडागाची."

ते आले. थकले होते, पण शर्ट तोच इस्त्रीचा. मी नवी गाडी पुढे केली. त्यांनी बघितली आणि हळूच माझ्याकडे सरकवली.

"नको ताई. तीच असू दे."

"अहो, पण तो डाग?"

"डागामुळेच तर." ते स्टुलावर बसले. "त्या दिवशी नेऊन तिच्या हातात दिली. तिने फिरवून बघितली. मीटरवरून पदर फिरवला. मी म्हटलं, जमलं. तेवढ्यात तिला टपावरचं लाल दिसलं. अशी चिडली ताई! म्हणाली, 'ही कुणाची गाडी उचलून आणलीत? आपल्या गाडीला कधी कुंकू लावलंय का आपण?' वर्षभरात एवढं सरळ वाक्य तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मग म्हणाली, 'आपली कुठाय?' एवढी शुद्धीत विचारल्यावर मला खोटं बोलवेना. सांगितलं, सुमन, आपली गेली. भंगारात गेली. वय झालं तिचं."

मी विचारलं, "रडल्या?"

"मला वाटलं रडेल. नाही रडली. मग म्हणाली, 'म्हणजे आता तुम्ही घरीच?' मी म्हटलं, हो, घरीच. तर म्हणाली, 'मग उभे का? बसा की.'"

गल्ल्यावर अप्पा चष्मा काढून पुसत बसले होते. मी विचारलं, "मग आता गाडीचं विचारत नाहीत?"

"विचारते की! दुसऱ्या दिवशी सगळं विसरलेलं असतं. रोज संध्याकाळी विचारते." जाधव हसले आणि शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. "मी ती गाडी हातात देतो. ती डाग बघते, भांडते. मी खरं सांगतो. ती म्हणते, बसा. मग मी बसतो."